शके, साठ आणि टक्क्याचं चिन्ह

या मालिकेत आपण किल्ले पाहिले, तह पाहिले, घेरे पाहिले. आज एका ओळीचा इतिहास सांगतो. ही ओळ संगणकाच्या पडद्यावर उमटते आणि शिकाऊ माणसाची संध्याकाळ खाऊन टाकते. ओळ अशी : "टाइप एरर, नॉट ऑल आर्ग्युमेंट्स कन्व्हर्टेड ड्युरिंग स्ट्रिंग फॉरमॅटिंग." मराठीत सांगायचं तर, मजकूर साच्यात बसवताना तुम्ही दिलेल्या सगळ्या वस्तू वापरल्या गेल्या नाहीत. पायथॉन या संगणकभाषेत काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटते.

आम्हाला ती झाशीत भेटली, आणि तीही साधा भागाकार करताना. साच्यात मजकूर बसवा असं त्या प्रोग्रामला कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी झाशीचं. १७४२ साली नारो शंकर इथे पेशव्यांचा सुभेदार म्हणून आला. त्यानं किल्ला वाढवला, गाव वसवलं, आणि त्याच्या मागोमाग दख्खनी घरं आली. पुढे नेवाळकरांच्या काळात आणखी आली. भटजी, कारकून, शिलेदार, सावकार सगळेच. त्यांतली काही घरं आजही इथे आहेत. बोलणं बरंचसं हिंदी आणि बुंदेली झालंय, पण आईला आई म्हणतात आणि गौरी बसवतात. या घरांच्या ट्रंकांमध्ये कागद आहेत. जमिनीच्या सनदांच्या नकला, कर्जरोखे, लग्नाच्या याद्या, पत्रं. मोडीत, बाळबोधीत, थोडे फारसीत. त्या कागदांची एक यादी करायचं आम्ही काही जणांनी मनावर घेतलं. नुसती यादी : कागद कोणाकडे आहे, कशाबद्दल आहे, कोणत्या दिवसाचा आहे.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. एकाच ट्रंकेत चार कालगणना निघतात. दख्खनी माणूस शके लिहितो. झाशीचा स्थानिक लेखनिक विक्रम संवत लिहितो. सरकारी मराठी कागदावर सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. आणि १८५४ला संस्थान खालसा झाल्यानंतरच्या कागदांवर इसवी सन येऊ लागतो. सुहूर सनाचं उदाहरण देतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. बेरीज ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या दिवसांना त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई याच सनातली, १४ जानेवारी १७६१.

हे सगळं हातानं करता येतं. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्यूएल यांनी १८९६ साली इंग्रजीत भारतीय कालगणनेची कोष्टकं छापली, आणि इतिहासाचे अभ्यासक आजही ती उघडतात. हे दीक्षित म्हणजे कोकणातल्या मुरूडचे, शाळामास्तर. त्याच वर्षी त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथही आला. दोन वर्षांनी ते गेले, जेमतेम पंचेचाळिशीत. पण शेकडो कागदांना कोष्टक लावत बसण्यापेक्षा प्रोग्राम लिहू, असं आमच्यातला एक पोरगा म्हणाला. इथल्याच एका जुन्या मराठी घरातला, इंजिनिअरिंगला आहे.

त्यानं सुरुवात संवत्सरापासून केली. प्रत्येक शकाला एक नाव असतं, प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावं, मग पुन्हा प्रभव. शकाला ६०नं भागायचं, बाकीत १२ मिळवायचे, बेरीज ६०च्या वर गेली तर ६० वजा करायचे. येईल तो नावाचा क्रमांक. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा शके १५९६. साठनं भागला की बाकी ३६, त्यात १२, झाले ४८. अठ्ठेचाळिसावं नाव आनंद, आणि राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातलाच. पानिपतचा शके १६८२, बाकी २, अधिक १२ म्हणजे १४, विक्रमनाम संवत्सर. तेही बरोबर. गणित पक्कं आहे.

नावाचा उपयोग असा, की जुन्या कागदावर आकडा पुसट होतो, वाळवी खाते, पण नाव बहुधा वाचता येतं. आकड्याची आणि नावाची साक्ष एकमेकांना जुळली तर तारीख धरायची. न जुळली तर कागदाकडे पुन्हा बघायचं. नक्कल करताना लेखनिक चुकलाय, किंवा कागद मागाहून रचलेला आहे. मालमत्तेच्या भांडणांसाठी रचलेले कागद आपल्याकडे काही कमी नाहीत. म्हणून ही तपासणी यंत्रानं नीट केली पाहिजे.

पायथॉनमध्ये बाकी काढायचं चिन्ह म्हणजे टक्क्याचं चिन्ह. शके, मग टक्क्याचं चिन्ह, मग साठ. पोरानं १५९६ हा आकडा स्वतः टाइप करून पाहिला, आनंद आलं. १६८२ टाकला, विक्रम आलं. मग त्यानं आमच्या यादीची फाइल जोडली, आणि पहिल्याच कागदावर ती लाल ओळ. "काका, बाकी काढायला सांगितली तर हा फॉरमॅटिंगचं काय बोलतोय?"

तो दोन तास भागाकाराकडे बघत होता. खरं तर त्या ओळीतला पहिलाच शब्द उत्तर सांगत होता : टाइप. वस्तूची जात. फाइलमधून वाचलेली कोणतीही गोष्ट पायथॉनसाठी मजकूर असते. त्यात अंक असले तरी ती अक्षरंच. आपल्या डोळ्यांना १५९६ आणि अवतरणचिन्हातलं '१५९६' सारखंच दिसतं, पण यंत्राच्या लेखी एक आकडा आहे आणि दुसरी चार अक्षरांची ओळ. आणि टक्क्याचं चिन्ह आकड्यापुढे आलं तर बाकी काढतं, मजकुरापुढे आलं तर वेगळंच काम करतं. डाव्या हाताला कोण उभं आहे ते बघून ते आपलं काम ठरवतं.

एका चिन्हाला दोन कामं का, हाच आजचा इतिहास.

या चिन्हाचा जन्म व्यापारातला. पंधराव्या शतकातले इटालियन व्यापारी हिशेबात 'पेर चेंतो', म्हणजे शंभरामागे, असं लिहीत. घाईत त्याचं लघुरूप झालं, लघुरूपाचं आणखी लघुरूप झालं, आणि शेवटी एक तिरकी रेघ व दोन शून्यं उरली. आपल्या सावकारांनी त्यासाठी चिन्ह केलं नाही. ते 'दरमहा दरशेकडा' असं अक्षरात लिहीत. त्यामुळे जागा जास्त लागली, पण दोनशे वर्षांनी वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.

टंकलेखन यंत्रावर हे चिन्ह होतं, म्हणून संगणकाच्या कळफलकावर आलं. आणि कळफलकावर चिन्हं मोजकीच. नवी भाषा रचणाऱ्याला प्रत्येक कामासाठी त्यातलंच काहीतरी उचलावं लागतं. १९६७च्या सुमारास मार्टिन रिचर्ड्स या केंब्रिजच्या माणसानं बीसीपीएल नावाची भाषा केली. तिच्यात छापण्याची एक सोय होती : वाक्य लिहायचं, आणि जिथे आकडा हवा तिथे टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर ठेवायचं. छापताना यंत्र तिथे आकडा बसवतं. लष्करातल्या माणसाला हे लगेच समजतं, कारण संदेशाचा फॉर्म हाच असतो. कोणाकडून, कोणाला, दिनांक आणि वेळ, या जागा आधीच ठरलेल्या. माणूस फक्त जागा भरतो. जागा जास्त आणि माहिती कमी असेल तर फॉर्म परत येतो, आणि माहिती जास्त असून जागा नसेल तरीही परत येतो.

पुढे अमेरिकेत बेल लॅबमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बीसीपीएलवरून आधी 'बी' आणि मग १९७२च्या सुमारास 'सी' ही भाषा बनवली. साच्यातलं टक्क्याचं चिन्ह त्यांनी ठेवलं. शिवाय बाकी काढायलाही तेच चिन्ह वापरलं. इथे दोन कामं एका चिन्हाच्या गळ्यात पडली. पण सी भाषेत त्यांची टक्कर होत नव्हती. एक चिन्ह अवतरणचिन्हांच्या आत राहायचं, दुसरं बाहेर. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, पण जिने वेगळे.

मग ॲमस्टरडॅममध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत पायथॉन लिहायला घेतली, आणि १९९१मध्ये ती जगाला दिली. सी भाषेतला छपाईचा साचा लोकांच्या हाती बसलेला होता, म्हणून तोही पायथॉनमध्ये आला. फक्त तो वेगळ्या आज्ञेच्या रूपात आला नाही. डावीकडे साचा, मध्ये टक्क्याचं चिन्ह, उजवीकडे भरायची वस्तू, असा आला. म्हणजे अवतरणाच्या आतलं चिन्ह बाहेर येऊन उभं राहिलं, आणि तिथे बाकी काढणारं चिन्ह आधीच उभं होतं.

आता आमची ओळ उलगडते. डावीकडे '१५९६' हा मजकूर. पायथॉननं समजून घेतलं की हा साचा आहे आणि त्यात साठ बसवायचे आहेत. साच्यात जागा शोधली. चार अंक आहेत, रिकामी जागा एकही नाही. साठ हातात उरले. म्हणून तो म्हणाला, दिलेल्या सगळ्या वस्तू वापरल्या गेल्या नाहीत. त्याच्या बाजूनं तो अगदी बरोबर बोलत होता.

उपाय एका शब्दाचा. फाइलमधून आलेल्या मजकुराला आधी आकडा करायचं, इंट ही आज्ञा द्यायची, आणि मग बाकी. ज्याला हा प्रश्न पडतो त्यानं भागाकाराच्या ओळीत अडकून राहू नये. डावीकडची वस्तू कुठून आली ते मागे मागे जाऊन पाहावं. फाइलमधून, कळफलकावरून की वेबवरून. आणि टाइप ही आज्ञा देऊन तिची जात विचारावी. पुरवठ्याची वाट तपासावी तसं.

इथे आणखी एक पीळ आहे. पोराजवळ एक जुनं पुस्तक होतं आणि त्यातला प्रोग्राम अगदी असाच होता, रूपांतर न करता. पुस्तक चुकीचं नाही. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत इनपुट ही आज्ञा कळफलकावर जे येईल ते सोडवून घ्यायची. १५९६ टाइप केलं की आकडाच मिळायचा. पण त्यात धोका होता, कारण टाइप करणारा काहीही आज्ञा लिहू शकत होता आणि यंत्र ती पाळायचं. ३ डिसेंबर २००८ला तिसरी आवृत्ती आली आणि इनपुट फक्त मजकूर देऊ लागली. सुरक्षेसाठी केलेला योग्यच बदल. पण जुन्या पुस्तकातली बाकी नव्या आवृत्तीत त्या लाल ओळीवर जाऊन आपटू लागली. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२०ला संपला. पुस्तकं मात्र दुकानांत, ग्रंथालयांत आणि शिकवण्यांत तशीच आहेत.

टक्क्याच्या साच्यातल्या अडचणी पायथॉनवाल्यांनाही ठाऊक होत्या. २००६मध्ये टॅलिन नावानं लिहिणाऱ्या प्रोग्रामरनं नवा प्रस्ताव मांडला : महिरपी कंसात जागा ठेवा आणि फॉरमॅट अशी स्पष्ट आज्ञा द्या. दहा वर्षांनी, २०१६च्या डिसेंबरात ३.६ आवृत्तीत, एरिक स्मिथ यांच्या प्रस्तावावरून एफ-स्ट्रिंग आली. वाक्याआधी एफ लिहायचं आणि कंसात थेट नाव. आज नवी मुलं हेच शिकतात. पण जुनं टक्क्याचं रूप काढून टाकलं नाही, कारण जगभर त्यावर उभा राहिलेला कोड प्रचंड आहे. म्हणून ज्यानं टक्क्याचा साचा कधी पाहिलाही नाही, त्या मुलालाही त्या साच्याची तक्रार ऐकावी लागते.

जाता जाता, हे चिन्ह किती लांबवर पोचलंय ते सांगतो. २०२१मध्ये असं आढळलं की वायफायच्या नावात टक्क्याची चिन्हं एका विशिष्ट रीतीनं लिहिली तर त्याला जोडलेल्या आयफोनचं वायफाय बंद पडतं. फोनच्या आत कुठेतरी ते नाव साचा म्हणून वाचलं जात होतं. तपासला न गेलेला मजकूर साच्याच्या जागी बसू दिला की काय होतं, त्याचा हा नमुना. सी भाषेत या फटीतून घुसखोरीही झालेली आहे. त्या मानानं आमची लाल ओळ फार सभ्य. तिनं निदान आवाज केला.

कारण पुढचे दोन गोंधळ आवाज न करणारे होते. पहिला अंकांचा. आमच्या यादीत काहींनी वर्षं देवनागरी अंकांत भरली होती, काहींनी इंग्रजी अंकांत. पोराला वाटलं, इंट ही आज्ञा देवनागरी अंकांवर अडेल. ती अडत नाही. पायथॉनची तिसरी आवृत्ती युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखते, आणि १७७९ हे देवनागरीत दिलं तरी आकडा नीट करते. हे पाहून मला मनापासून आनंद झाला. पण आकडा न करता मजकूर म्हणूनच क्रम लावला, तर युनिकोडमध्ये इंग्रजी अंक आधी आणि देवनागरी अंक फार पुढे. त्यामुळे १८५८चे इंग्रजी अंकांतले कागद आधी आले आणि १७४२चे देवनागरीतले त्यांच्यानंतर. लाल ओळ नाही, तक्रार नाही. नारो शंकर झाशीला आला तो राणी गेल्यानंतर, असा इतिहास त्या यादीनं गुपचूप लिहून ठेवला. गावाच्या नावाचंही तेच. मराठीत 'झाशी', हिंदीत 'झाँसी'. शोध एकाचा घेतला तर दुसरं सापडत नाही.

दुसरा गोंधळ रकान्यांचा. साच्यात सांगता येतं की नावाला वीस घरं ठेव. 'लक्ष्मी' आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं. पायथॉन त्यात सात मोजतो : ल, क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म आणि वेलांटी. म्हणून छापलेल्या यादीत जोडाक्षरांची नावं आली की रकाना वाकडा व्हायचा. यावर उपाय आहेत, पण आम्ही रकान्यांचा नाद सोडून तक्ता वेगळ्या फाइलमध्ये काढला. प्रत्येक टेकडी चढून घ्यायलाच हवी असं नाही.

आता ज्या वर्षासाठी बहुतेक लोक झाशीचं नाव घेतात त्याकडे येऊ. ह्यू रोज झाशीसमोर आला २१ मार्च १८५८ला. १ एप्रिलला बेटवेच्या काठी तात्या टोप्यांची फौज मागे हटली, ३ एप्रिलला इंग्रज तटावर चढले, आणि ४च्या रात्री राणी बाहेर पडली. हे सगळं कोणत्या शकात? त्या वर्षीचा पाडवा मार्चच्या मध्यात आला होता. म्हणजे रोज येण्याच्या काही दिवस आधी वर्ष बदललं होतं. शके १७७९, पिंगलनाम संवत्सर संपून १७८०, कालयुक्तनाम संवत्सर लागलं होतं. मार्च १८५८चा कागद फाल्गुनातला असेल तर शकात ७९ मिळवायचे, चैत्रातला असेल तर ७८. सरसकट ७८ मिळवणारा प्रोग्राम फाल्गुनातल्या कागदाला एक वर्ष मागे, १८५७च्या मार्चमध्ये नेऊन टाकतो. त्या मार्चमध्ये मेरठही पेटलं नव्हतं. वेढ्याच्या तयारीचा कागद उठावाच्याही आधीचा ठरला, तर त्यावरून कोणी काय सिद्ध करेल याचा नेम नाही. आणि इथेही लाल ओळ येत नाही. दोन्ही आकडे पायथॉनला सारखेच मान्य.

संवताच्या कागदांत महिन्याचाही प्रश्न येतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षाला दोन्हीकडे एकच नाव, म्हणून राणीच्या मृत्यूची ज्येष्ठ शुद्ध सप्तमी दोन्ही पंचांगांत सारखी. वद्य पक्ष मात्र वेगळा पडतो. आपली चैत्र वद्य म्हणजे त्यांची वैशाख कृष्ण. एका महिन्याचा फरक.

आणि सगळ्यात मोठी गाठ संवत्सराच्या नावाचीच. आपल्या पंचांगात साठ नावं शकाबरोबर सरळ चालतात. उत्तरेत ती गुरू ग्रहाच्या चालीवर चालतात. गुरू एक रास सुमारे ३६१ दिवसांत ओलांडतो, म्हणजे वर्षाला चार दिवसांचा फरक पडतो, आणि साधारण ८५ वर्षांत एक नाव गाळावं लागतं. दक्षिणेनं हे गाळणं हजारेक वर्षांपूर्वी सोडून दिलं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात दोन्हीकडच्या नावांत अकराच्या आसपास घरांचं अंतर होतं. झाशीतला दख्खनी भटजी आणि शेजारचा बुंदेली पंडित एकाच दिवशी कागद लिहीत आणि संवत्सराची दोन नावं घालत. दोघंही बरोबर. साठनं भागून बाकी काढणारा आमचा प्रोग्राम पंडिताचा कागद खोटा ठरवत होता.

म्हणून यादीत एक रकाना वाढवलाय : कागद कोणत्या रीतीचा, दख्खनी की उत्तरी. लिपीवरून, लेखनिकाच्या आडनावावरून, शके आहे की संवत यावरून तो माणूस भरतो, प्रोग्राम नाही. काही कागदांवर ठरवता येत नाही आणि वर्षही फाटलेलं असतं. पोरानं विचारलं, तिथे शून्य घालू का. नको म्हटलं. शून्य हा पायथॉनला खरा आकडा. तो त्याला साठनं भागेल, बारा मिळवेल आणि कागदावर बहुधान्यनाम संवत्सर लिहून मोकळा होईल. तो चौकोन रिकामा ठेवलाय. रिकाम्या मजकुराचा आकडा करायला सांगितलं की तो लाल ओळ दाखवून थांबतो, आणि मग आम्ही दोघं ट्रंकेतला तो कागद पुन्हा उजेडात धरतो.